गंगोत्री-गोमुख: आई-बाबांना घेऊन सात दिवसांत जमेल का?

पुनर्वसू

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेरीस, पितृपक्षात, आई-बाबा आणि मी असे तिघं पुण्याहून गंगोत्रीला निघायचं म्हणतोय. बाबा ६९, आई ६४. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईला मधुमेह आहे आणि ती इन्सुलिन घेते. दोघंही रोज तासभर चालतात. आजोबांचं पिंडदान भगीरथ शिळेवर करायचं बाबांच्या मनात आहे आणि उगमापर्यंत, म्हणजे गोमुखापर्यंत जाण्याचीही इच्छा आहे.

आखलेला बेत असा: पहिला दिवस पुणे ते डेहराडून विमानाने, मुक्काम ऋषिकेश. दुसरा दिवस ऋषिकेशहून थेट गंगोत्री. तिसरा दिवस भोजबासा (गोमुखाच्या पायवाटेवरचा मुक्काम). चौथा दिवस गोमुख करून परत गंगोत्री. पाचव्या दिवशी स्नान आणि विधी, दुपारी निघून उत्तरकाशी. सहावा दिवस डेहराडून, सातव्या दिवशी परत.

विचारायचं हे की बेत बरोबर आहे का, गोमुखाची परवानगी कुठे मिळते, आई-बाबांना घोड्यावरून नेता येईल का, विधीसाठी इथून काय न्यावं, आणि गंगाजल विमानातून आणता येतं का?

देवदार

पुनर्वसू, बेतातला दुसरा आणि तिसरा दिवस आधी खोडून टाका. ऋषिकेश समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५० मीटरवर आहे, गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आणि भोजबासा ३,८०० च्या आसपास. म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ साडेतीन हजार मीटर चढून तिथेच झोपायचं, असा हा बेत आहे. पंचविशीतल्या माणसालाही तो सोसेलच असं नाही. शिवाय ऋषिकेश ते गंगोत्री अडीचशे किलोमीटरहून जास्त, सगळा घाटरस्ता. एका दिवसात करायचा तर अंधारात निघून अंधारात पोचायचं, आणि रात्री त्या डोंगरात वाहतूक बंद असते.

पायऱ्या पायऱ्यांनी वर जा. ऋषिकेश, नरेंद्रनगर, चंबा, चिन्यालीसौड, धरासू, उत्तरकाशी हा एक दिवस, साधारण सहा-सात तास. डेहराडूनला उतरताय तर मसुरीवरून सुवाखोलीमार्गे चिन्यालीसौडला येणारा रस्ताही आहे, त्याने ऋषिकेशचा फेरा वाचतो. उत्तरकाशी सुमारे १,१५० मीटर. दुसऱ्या दिवशी उत्तरकाशी ते हर्सिल, ७५ किलोमीटर, उंची सुमारे २,६०० मीटर. तिसऱ्या दिवशी हर्सिल ते गंगोत्री फक्त २५ किलोमीटर, सकाळी निघालात तर दहापर्यंत घाटावर. हर्सिलची ती एक रात्र सोडू नका. शरीराला जी सवय व्हायला हवी ती तिथून सुरू होते. शिवाय नदीपलीकडे मुखबा गाव आहे. दिवाळीनंतर मंदिराचे दरवाजे मिटले की गंगामाईची उत्सवमूर्ती हिवाळाभर तिथेच असते. दुपारी तिथे जाऊन यावं.

निवासाबद्दल एक गोष्ट आवर्जून. ऑगस्ट २०२५ मध्ये धरालीत खीरगाड ओढ्यातून आलेल्या लोंढ्याने गावाची बाजारपेठ गाडली गेली, ती याच रस्त्यावर. त्या भागात 'गाड' म्हणजे डोंगरावरून सरळ खाली येणारा ओढा. ओढा नदीला मिळतो तिथे गाळाचा पंखा तयार होऊन सपाट जागा होते आणि हॉटेलं नेमकी तिथेच उभी राहतात. खोली ठरवताना ती ओढ्याच्या तोंडाशी नाही ना, हे नकाशात पाहून घ्या आणि फोनवर विचाराही. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरलेला असतो, तरी शेवटचा एखादा जोरदार तडाखा देऊन जाऊ शकतो.

नोंदणीचं: चारधामची यात्रा-नोंदणी सक्तीची आहे. उत्तराखंड सरकारच्या पर्यटक-नोंदणीच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर करा. आधार क्रमांक लागतो आणि धामाची तारीख द्यावी लागते. क्यूआर कोड असलेला कागद छापूनच न्या, कारण तपासणीच्या नाक्यावर मोबाईलला रेंज असेलच असं नाही. गाडी तिथलीच घेतलीत तर यात्रेची गाडीची कागदपत्रं चालकाकडे असतात. निघण्याआधी त्याला एकदा विचारा. रोख रक्कम उत्तरकाशीतच काढून ठेवा, पुढे एटीएमवर भरवसा नको.

नाडी

देवदार यांनी उंचीचं सांगितलंच आहे. आजाराकडून पाहिलं तर काय, ते लिहितो.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर आज झोपलात त्या जागेपेक्षा उद्या झोपायची जागा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी, हा सर्वसाधारण नियम. गंगोत्री ते भोजबासा हा फरक ७०० मीटर. म्हणून गोमुखाला जाणाऱ्या कुणीही गंगोत्रीत किमान दोन रात्री काढाव्यात. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं चांगलं. मधल्या दिवशी गोमुखाच्या वाटेवरच्या कनखूच्या नाक्यापर्यंत दोन किलोमीटर चालून परत यायचं.

गंगोत्रीच्या वाटेवर पुष्कळांना गाडी लागते. सुक्खी टॉपची वळणं त्याला पुरेशी आहेत. त्यामुळे उंचीच्या त्रासाची उलटीही 'गाडी लागली असेल' म्हणून सोडून दिली जाते. फरक असा ओळखायचा: गाडी लागलेली असेल तर खाली उतरून तास-दोन तासांत बरं वाटतं. उंचीचा त्रास पोचल्यावर सहा ते बारा तासांनी, बहुतेकदा पहिल्या रात्री सुरू होतो आणि त्यात डोकं दुखतंच. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक न लागणं, थकवा, झोप न लागणं यातलं काही असेल तर तो दिवस वर जायचं नाही. साधी पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. दुसऱ्या दिवशी आराम पडला नसेल तर खाली हर्सिलला. बसल्याजागी धाप लागणं, सुका खोकला वाढत जाणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजनचा डबा तासभराची सोय आहे, उपचार म्हणजे खाली उतरणं.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी (डायमॉक्स नावाने मिळते) काही जण प्रतिबंधक म्हणून घेतात, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना ती चालत नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर दोन्ही मिळून शरीर कोरडं पडू शकतं. तेव्हा डॉक्टरांना गोळीची पट्टी दाखवूनच ठरवा. बाबांनी स्वतः गोळी बंद किंवा अर्धी करू नये.

आईंच्या इन्सुलिनचं फार जपायला हवं. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी. भोजबासाला सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, गंगोत्रीतही पहाट कडक असते. पेन दिवसा अंगावरच्या आतल्या खिशात, रात्री पांघरुणात. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचं दाखवतो किंवा चालतच नाही, तो आधी हातात धरून कोमट करायचा. चालणं वाढलं की साखर खाली येते, त्यात उंचीवर भूक मरते, म्हणजे खाणं कमी आणि डोस तोच असं होतं. घाम, थरथर, चिडचिड दिसली की आधी साखर किंवा ग्लुकोज द्या, मग मोजा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नेताय तर आकड्याने घाबरू नका. तिथे ८५ ते ९० हे पुष्कळांचं नेहमीचं असतं आणि गार बोटाला तो आणखी कमी दाखवतो. माणूस कसा दिसतोय, जेवतोय का, हे पाहा.

या सगळ्यावरून माझं मत: आई-बाबांनी गंगोत्रीपर्यंत जरूर जावं, हळू. गोमुखाला नेऊ नका.

पायवाट

नाडी, बाबांच्या बाबतीत थोडं वेगळं मत मांडतो. सत्तरीतली माणसं गोमुखाला जाऊन येतात. वाट चांगली बांधलेली आहे, दोर लावून चढण्यासारखं कुठे काही नाही. रोजचं तासभर चालणं पुरणार नाही, पण पाठीवर चार-पाच किलो घेऊन दोन महिने आठवड्यातून तीनदा १०-१२ किलोमीटरचा सराव केला आणि गंगोत्रीत दोन रात्री त्रास झाला नाही, तर बाबांना भोजबासापर्यंत जाता यावं. आईंना नको हे मान्य.

नाडी

पायवाट, तुम्ही पायांचं बोलताय, मी फुप्फुसांचं. सराव असला म्हणून उंची लागत नाही असं नाही. उलट तब्येतीचा माणूस भरभर चढतो आणि जास्त अडकतो. दुसरं म्हणजे भोजबासाला रात्री दोन वाजता त्रास झाला तर तिथून गंगोत्री १४ किलोमीटर, अंधारात, आणि गाडीरस्ता नाही. चालता न येणाऱ्या माणसाला उचलूनच आणावं लागतं. रक्तदाब गोळीवर काबूत आहे आणि हृदयाची तपासणी (किमान ईसीजी, डॉक्टरांनी सांगितलं तर ताणचाचणी) ठीक आली तर बाबांचा विचार करता येईल. पण निर्णय गंगोत्रीतल्या दुसऱ्या रात्रीनंतर घ्यायचा, पुण्यात नाही. बाबांनाही हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तिथे मन मोडत नाही.

देवदार

हे पटलं. आता परवानगी आणि वाट.

गोमुख गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतं. दिवसाला १५० जणांनाच सोडतात. परवानगी उत्तरकाशीतल्या उद्यानाच्या कार्यालयातून किंवा ऑनलाइन. ओळखपत्राची प्रत, फोटो, घरच्या माणसाचा संपर्क क्रमांक आणि डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र जवळ ठेवा. लोक चुकतात ते इथे: परवानगीवर तारीख असते आणि दरड पडून रस्ता एक दिवस बंद राहिला की तारीख निघून जाते. मे-जूनमध्ये तर दुसऱ्या दिवसाची जागा शिल्लकच नसते. म्हणून बेतात एक मोकळा दिवस हवा आणि तो शेवटी नको, गंगोत्रीत हवा. म्हणजे रस्ता बंद पडला तरी तो कामी येतो आणि नाही पडला तर शरीराला विश्रांती मिळते.

वाट अशी. मंदिराच्या मागून चढ सुरू होतो, पहिले दोन किलोमीटर कनखूच्या नाक्यापर्यंत. नाक्यावर परवानगी बघतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजतात. परत येताना त्या दाखवाव्या लागतात. बिस्किटांची वेष्टणं घरीच काढून डब्यात भरा, वेळ वाचतो. सकाळी सहाला निघावं. चीडबासा नऊ किलोमीटरवर, उंची सुमारे ३,६००. तिथपर्यंत झाडी आहे, सावली आहे, मधे झऱ्यांवर फळ्यांचे पूल आहेत. चीडबासाच्या पुढे झाडं संपतात आणि समोर भागीरथी शिखरं उघडी होतात.

चीडबासा आणि भोजबासाच्या मधे गीला पहाड नावाचा पट्टा आहे. सगळ्या वाटेतला धोक्याचा भाग हाच. वरचा डोंगर म्हणजे हिमनदीने मागे टाकलेला दगडमातीचा सैल ढीग. रात्री त्यातलं पाणी गोठतं आणि दगडांना धरून ठेवतं. ऊन तापलं की ते वितळतं, दुपारी वारा सुटतो, वर भरल (जंगली मेंढ्या) चरत असतात, आणि दगड सुटतात. म्हणून तो पट्टा सकाळी, शक्यतो अकराच्या आत पार करायचा. तिथे थांबायचं नाही, फोटो नाही, पाणी प्यायला बसायचं नाही. दोन माणसांत अंतर ठेवून, कान वरच्या बाजूला लावून चालायचं. कानात गाणी नकोत. सहाला निघायचं ते याच हिशेबाने.

भोजबासा १४ किलोमीटरवर. गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आहे, आश्रमही आहे. जाड रजया मिळतात, तरी आतून लोकरीचं घालायला हवंच. वाटेत खाण्याचं दुकान मिळेल असं धरू नका, दशमी, गूळ-शेंगदाणे, खजूर असं बरोबर ठेवा. दशमी दोन दिवस टिकते आणि थंडीत चिवट होत नाही, त्यामुळे पोळीपेक्षा बरी.

दुसऱ्या दिवशी भोजबासा ते गोमुख चार किलोमीटर. शेवटचा भाग दगडधोंड्यांतून आहे, पायवाट स्पष्ट राहत नाही, दगडांवर रचलेल्या खुणा बघत जायचं. गोमुखाच्या तोंडाजवळ जायला वनखात्याची मनाई आहे आणि ती पाळा. ते तोंड म्हणजे बर्फाची भिंत. खालून नदी कोरत असते, वरून ऊन वितळवत असतं, आणि खोलीएवढे तुकडे सूचना न देता कोसळतात. जिथे पाटी आहे तिथूनच हात जोडायचे. स्नान करायचं तर तिथे नाही, गंगोत्रीच्या घाटावर.

मग त्याच दिवशी गोमुख ते गंगोत्री परत, १८ किलोमीटर. सकाळचे चार धरून दिवसाला २२. उतार असला तरी गुडघ्यांचा दिवस तो. आणि गीला पहाड परतताना दुपारच्या आत गाठायचा तर गोमुखाला उजाडताच पोचायला हवं. पहाटे पाचला डोक्यावर दिवा लावून निघा, आठपर्यंत भोजबासाला परत, दहाच्या सुमाराला गीला पहाड पार. गोमुखावर रेंगाळलेली मंडळी दुपारी दोनला तिथे येतात, नेमकी नको त्या वेळी.

खेचरांची संख्या मर्यादित असते, त्यांच्या भरवशावर बेत नको. आणि उंचीचा त्रास खेचरावर बसलेल्या माणसालाही तेवढाच होतो. किंबहुना थंडी जास्त वाजते, कारण अंग हलत नाही.

वाटेत भूर्जाची पांढरी साल दिसली तर सोलू नका, 'भूर्जपत्र' म्हणून घरी न्यायचा मोह होतो. भोजबासा हे नावच त्या झाडांवरून पडलं आणि तिथली झाडं जळणासाठी तुटत जवळजवळ संपली. गिर्यारोहक हर्षवंती बिश्त यांनी तिथे भूर्ज पुन्हा लावण्याचं काम केलं आहे, कुंपणातली लहान झाडं त्या परिसरात दिसतात.

शमी

विधीबद्दल मी लिहिते.

मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि अन्नकूटाच्या दिवशी, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला मिटतं. दुपारी काही वेळ दर्शन बंद असतं. पुजारी मुखबा गावचे सेमवाल. आत्ताचं मंदिर गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलं. भगीरथ शिळा मंदिराला लागूनच आहे, भगीरथाने तिथे तप केलं अशी श्रद्धा. पिंडदान तिथे आणि खालच्या घाटावर होतं.

बरोबर न्यायचं ते असं: काळे तीळ साधारण १०० ग्रॅम, जवाचं पीठ अर्धा किलो, दर्भाची पवित्रकं (पुण्यातून करून न्या, तिथे ऐनवेळी शोधत बसावं लागतं), लहान ताम्हन, पळी-पंचपात्र, धूतवस्त्र, आणि एक कोरडा जाड टॉवेल. तांदूळ, फुलं, दूध तिथे मिळतं. कागदावर गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं ठळक अक्षरात लिहून न्या: ज्यांचं करायचं ते, त्यांचे वडील, आजोबा, तशीच त्या तिघांच्या पत्नींची. मातुल घराण्याचीही तीन नावं लागतात आणि नेमकी तीच कुणाला आठवत नाहीत. आजच घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा.

एक गोष्ट इथल्या लोकांना हमखास गोंधळात टाकते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष तिथे आश्विन कृष्ण पक्ष असतो. गुरुजींनी संकल्पात 'आश्विनमासे कृष्णपक्षे' म्हटलं तर ते चुकले असं समजून मधेच थांबवू नका. तिथी तीच आहे, फक्त महिन्याचं नाव वेगळं. याच कारणाने तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. कावडयात्रेची तुफान गर्दी आपल्या आषाढ वद्य पक्षात असते आणि आपला श्रावण लागतो तेव्हा ती ओसरलेली असते. कुणी 'श्रावणात गर्दी असते, श्रावण टाळा' असं सांगितलं तर कुठला श्रावण ते विचारावं.

दक्षिणा विधीला बसण्याआधी ठरवा, साहित्यासह की वेगळं तेही.

स्नान. पोचल्या दिवशी नको, एक रात्र जाऊ द्या. हिमनदीचं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, म्हणून प्रवाह पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर सगळ्यात जोरात. पण पहाटे थंडी मरणाची. मधला मार्ग म्हणजे ऊन घाटावर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला. घाटाला साखळ्या आहेत, एक हात साखळीवरच ठेवायचा. साखळीच्या पलीकडे कुणीही पाय टाकू नये, पोहणाऱ्यानेही. ते पाणी माणसाला उभंच राहू देत नाही. आई-बाबांनी बुडी मारू नये. पायरीवर बसून आधी पाय, मग हात, मग तांब्याने खांद्यावरून, आणि शेवटी डोक्यावर थोडंसं. एकदम गार पाणी डोक्यावर पडलं की श्वास अडकतो आणि रक्तदाब उसळतो. तांब्याने केलेलं स्नान पूर्णच असतं, धर्मशास्त्राला त्यात काही उणं नाही. अंग पुसून लगेच कानटोपी, लोकरीचे मोजे, गरम चहा. त्यानंतर विधीला बसायचं तर धूतवस्त्रावर शाल घ्यायला हरकत नाही.

मंदिराच्या खाली थोड्या अंतरावर सूर्यकुंड आणि गौरीकुंड आहेत, प्रवाह खडकातून कोसळतो ते तिथे. आई-बाबांना सहज बघता येईल. पांडवगुंफा दीड किलोमीटरवर, तीही जमण्यासारखी.

पुनर्वसू

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, 'गोमुख पाहिलं नाही तर उगमाचं दर्शन झालं कसं?' याला काय उत्तर द्यावं?

सुधारलेला बेत: १ पुणे–डेहराडून, मुक्काम तिथेच. २ उत्तरकाशी, परवानगीचं काम. ३ हर्सिल, मुखबा. ४ गंगोत्री. ५ गंगोत्रीत स्नान आणि विधी. ६ गंगोत्रीत मोकळा दिवस. ७ मी (आणि जमलं तर बाबा) भोजबासा. ८ गोमुख आणि परत. ९ उत्तरकाशी. १० डेहराडून. ११ पुणे.

शमी

बेत छान झाला. सहावा दिवस मोकळा ठेवलात हे फार चांगलं.

बाबांना सांगा, तीर्थ गंगोत्रीच आहे. भगीरथाची शिळा तिथे, मंदिर तिथे, पिंडदान आणि स्नान तिथे. नावच गंगोत्री. परंपरेत गंगा उतरली ती जागा ही, आणि हिमनदी एके काळी इथपर्यंत होती असंही सांगतात. ती मागे सरत गेली, अजूनही सरते आहे, त्यामुळे बर्फाचं तोंड दर पिढीला वेगळ्या जागी असतं. पणजोबांच्या काळात कुणी गोमुख पाहिलं असेल तर ते आजच्या जागी नव्हतं. शिळा मात्र तिथेच आहे.

देवदार

यात भूगोलाची भर. गोमुखातून निघते ती भागीरथी. देवप्रयागला अलकनंदा मिळाल्यावर पुढे तिला गंगा म्हणतात. अलकनंदेचा उगम बदरीनाथच्या वर सतोपंथाकडे. खुद्द गंगोत्रीतही भागीरथी एकटी नसते, तिथे केदारगंगा येऊन मिळते, पुढे भैरवघाटीला जाडगंगा. बाबांना चालायला आवडतं तर परत येताना ऋषिकेशमार्गे उतरा आणि आणखी एक दिवस असेल तर देवप्रयागचा संगम दाखवा. एक पाणी गढूळ, एक निळसर, दोन्ही काही अंतर वेगळी दिसतात. संगमाच्या पायऱ्यांवरही साखळ्या आहेत.

बाबा भोजबासाला गेले तर आई गंगोत्रीत एकट्या राहतील, हे बेतात लिहिलेलं नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला दोन दिवस अनोळखी गावात एकटं ठेवू नका. एक तर बाबा थांबतील किंवा चौथं माणूस न्या.

पुनर्वसू

हे लक्षातच आलं नव्हतं. मामेभावाला विचारतो. नाही जमलं तर बाबा आईसोबत थांबतील, ते स्वतःच तसं म्हणाले.

गंगाजलाचं राहिलं.

शमी

दोन भांडी न्या. एक घट्ट झाकणाची स्टीलची बाटली, लिटरभराची, आणि घरी पूजेत ठेवायचा तर तांब्याचा लहान गडू. गडू तिथे मिळतात, पण डाग देऊन तोंड बंद करायचं काम नीट होतंच असं नाही. त्यापेक्षा बाटलीत आणून इथल्या तांबटाकडून गडू बंद करून घ्या.

पाणी सकाळी लवकर भरा. दुपारी प्रवाह वाढतो आणि हिमनदीने दळलेल्या खडकाची राखाडी पूड पाण्यात येते. सप्टेंबरअखेर ती उन्हाळ्यापेक्षा कमी असते, तरी असतेच. मोठ्या भांड्यात भरून रात्रभर न हलवता ठेवा, वरचं निवळ पाणी अलगद बाटलीत ओता. खालचा गाळ नदीतच सोडा. बाटली काठोकाठ भरू नका, थंडीत गोठलं तर फुगायला चार बोटं जागा हवी. प्लास्टिकची बाटली पुण्याला आल्यावर चेपलेली दिसेल. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, झाकण बंद करताना आत तेवढीच हवा अडकते. गळती नाही ती, घाबरू नका.

विमानात हातातल्या बॅगेतली मोठी बाटली तपासणीत अडवली जाऊ शकते, म्हणून मोठी बॅग जमा करतो त्यात ठेवा. झाकणाभोवती चिकटपट्टी, वरून दोन पिशव्या, कपड्यांच्या मधोमध. बंद गडू तर मुळीच हातात नेऊ नका. आत काय आहे ते उघडून दाखवता येत नाही म्हणून तो तपासणीत अडवतात.

घरी आल्यावर मावंदं (यात्रा पूर्ण झाल्याचं जेवण) घालणार असाल तर त्या दिवशीच्या गंगापूजनाला पावशेरभर पाणी पुरतं, बाकीचं वाटता येतं. शेजारपाजारी, नातेवाइकांत किती जणांना द्यायचं ते मोजून तेवढ्या लहान बाटल्या आधीच आणून ठेवा. पूजा झाल्यावर ऐनवेळी कुणाकडे धुतलेली कोरडी बाटली सापडत नाही.